घरच्या विटा : खानापूर (जि. बेळगाव) तालुक्यातल्या एका भट्टीच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

भात मळून झालं, पोती आत गेली आणि काल रात्री जेवताना धाकट्याच्या घराचा विषय निघाला. जोतं पावसाआधीच बांधून ठेवलंय. विटा विकत आणायच्या की शेतात पाडायच्या, एवढंच ठरायचं होतं. मी पाडू म्हणालो. आई गप्प बसली. तात्या (माझे थोरले चुलते, वय ७४, तरुणपणी चार भट्ट्या लावलेले) म्हणाले, "पाडूया की. पर माझं ऐकायचं."

मी हट्ट धरला त्याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी आत्याच्या घराला विटा आणल्या त्या मीच पसंत केल्या होत्या. भट्टी कुणाची ते इथं लिहीत नाही. रंग लाल, कडा चांगल्या, वाजवली तर आवाजही बरा. पहिला पावसाळा गेला आणि आतल्या गिलाव्याला रुपयाएवढे फोड आले. फोड उकरला की मागं विटेत पांढरा ठिपका. डिप्लोमा झालेला भाचा असून आत्याच्या भिंती खराब झाल्या, हे मला अजून लागतं. या वेळी माती हातात घेतल्यापासून वीट भिंतीत बसेपर्यंत सगळं डोळ्यांसमोर व्हायला पाहिजे. म्हणून ही वही.

हिशेब : बांधकाम सुमारे ४५ घनमीटर. आमच्याकडं गवंडी ९ × ४ × ३ इंचाची वीट धरतात (भारतीय मानकातली १९ × ९ × ९ सेंटिमीटरची वीट इकडं क्वचितच दिसते). १० मिलिमीटरचा सांधा धरला तर घनमीटरला साधारण ४३६ विटा. म्हणजे १९,६००. तूटफूट धरून २१,००० चांगल्या विटा हव्यात. हाताच्या भट्टीतून तीन हिश्श्यांतले दोन हिस्से चांगले निघाले तर नशीब, असं तात्या सांगतात. म्हणून कच्च्या ३२,००० पाडायच्या.

२४ नोव्हेंबर

मातीचा दिवस. आमचं शेत नंदगडच्या अलीकडं, भाताचं. त्यात वरच्या अंगाला एक उंचवटा आहे, तिथं पाणी ठरत नाही आणि भात कधी धड येत नाही. तोच सपाट करायचा आणि निघालेली माती विटांना वापरायची. एका कामात दोन कामं.

तीन ठिकाणी दोन-दोन फूट खणून नमुने घेतले. काचेच्या उभ्या बरण्या घेतल्या, एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, खूप हलवून एका जागी ठेवल्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ तासा-दोन तासांत, आणि चिकण माती दिवसभर पाण्यात तरंगत राहून शेवटी वर साय धरल्यासारखी बसते. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून मोजायचं.

उंचवट्याची तांबडी माती : वाळू निम्म्याहून जास्त, चिकण माती जेमतेम १५ टक्के. याची वीट कडेला झडणार. खालच्या खाचराची माती : चिकण माती ४० टक्क्यांच्या वर. हिची वीट दिसेल लोण्यासारखी, पण वाळताना तडकणार. दोन भाग तांबडी आणि एक भाग खाचरातली असं मिसळून पुन्हा बरणी लावली, तेव्हा चिकण माती २५ टक्क्यांच्या आसपास आली. विटेला २० ते ३० टक्के हवी असते, म्हणजे बसलं.

तिसरा नमुना ओढ्याकडचा. हाताला सगळ्यात सुंदर तोच लागला. हरभऱ्याएवढे पांढरट खडे दिसले म्हणून त्यावर संडास धुवायच्या ॲसिडचे थेंब टाकले आणि ते फसफसले. चुनखडी. आत्याच्या भिंतीतला पांढरा ठिपका हाच. भट्टीत ८५०-९०० अंशांच्या आसपास चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. भट्टीतून काढताना वीट ठणठणीत दिसते. पुढं महिन्यांनी ओल पोचली की चुना विटेच्या पोटातच विरायला लागतो, फुगतो आणि वरची खपली उडवून देतो. बारीक दळलेली चुनखडी थोडी असली तर उलट उपयोगी, मातीला लवकर सांधते. खडा मात्र एकसुद्धा नको. ओढ्याकडची माती बाद.

तात्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी मिश्रणाची करंगळीएवढी वळी केली आणि बोटाभोवती गुंडाळली. "मोडली न्हाई, पर भेगा धरल्या बघ. अशीच पायजे." बरणीनं एक दिवस घेतला, तात्यांनी अर्धं मिनिट. उत्तर तेच आलं.

८ डिसेंबर

वरचा अर्धा फूट काळसर थर खरवडून बांधाच्या कडेला वेगळा ढीग लावला. हे मी अडून बसून करून घेतलं. ट्रॅक्टरवाल्याला ते फुकटचं काम वाटत होतं. पण भात त्याच अर्ध्या फुटात पिकतं, आणि वीट पाडून झाल्यावर तो थर परत पसरला नाही तर आपण शेत विकून घर बांधल्यासारखं होईल. शिवाय त्या थरातली मुळं-कुजकट विटेत गेली तर जळून पोकळ्या राहतात.

२२ डिसेंबर

खोदाई संपली. सव्वीस ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) चिखल होईल एवढी माती पसरून ढेकळं फोडली, खडे वेचले, आळं करून पाणी सोडलं. आता मुरू द्यायची.

मला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाडायला सुरुवात करायची होती. तात्या म्हणाले, "माती मुरू दे की रे. घाई कुणाला झालीया? संक्रांत होऊ दे." त्यांचं बरोबर आहे. चिकण मातीचे कण पापुद्र्यासारखे एकमेकांना चिकटलेले असतात, पाणी त्यांच्या मध्ये शिरायला दिवस लागतात. वरून ओली दिसणारी गाठ आतून कोरडी राहिली, तर साच्यात ती ओळखू येत नाही. वाळताना ती तिच्या चालीनं आकसते आणि भोवती गोल भेग पडते. खानापूरची माती काही आजची नावाजलेली नाही. कौलं आणि कुंभारकाम यावर इथली किती घरं जगली, खादी आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थासुद्धा खानापुरातच आहे. त्या कामातले जुने लोक माती मुरवण्यावर जेवढं बोलतात तेवढं जाळावर बोलत नाहीत.

१२ जानेवारी २०२५

साचा. मुरलेल्या चिखलाची २० सेंटिमीटरची पट्टी करून सावलीत वाळवली आणि घरच्या चुलीत भाजली. १८.४ भरली. म्हणजे लांबी ८ टक्के घटते. तयार वीट ९ × ४ × ३ इंच हवी तर साचा त्यापेक्षा मोठा : पावणेदहा, साडेचारला दोरी (इंचाचा आठवा भाग) कमी, आणि सव्वातीन. सुतारानं सागवानी फळीचा केला, आतून पत्रा ठोकला म्हणजे चिखल चिकटत नाही. दोन विटांचा एक साचा, असे तीन.

बाजारात ९ इंची म्हणून मिळणारी वीट साडेआठ का भरते, त्याचं उत्तर पुष्कळदा इथंच असतं. माती बदलली तरी साचा जुनाच ठेवतात.

२७ जानेवारी

विटा पाडणारं जोडपं काल संध्याकाळी आलं. बैलहोंगलच्या पलीकडचं, बोलणं कन्नड. मला 'इट्टंगी' आणि 'मण्णु' पलीकडं फार जमत नाही, त्यांना मराठी कामापुरतं येतं. दोन्हीकडून निम्मं-निम्मं बोलून काम चालतं, या भागात ते कुणाला नवीन नाही. हजारी दर आधीच ठरवला. दर शनिवारी रोख द्यायचा, उचल देऊन वर्षाला बांधून घ्यायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. खोपीला पत्रे, पाण्याचा नळ आणि पडद्याची न्हाणी आपल्या खर्चानं.

पहाटे साडेचारला उठून बघायला गेलो. दिवसाची ऊन्हं वाढायच्या आत त्यांना निम्मं काम उरकायचं असतं. नवरा चिखल तुडवतो : टाचेनं दाबायचं, पाय ओढून काढायचा, पुन्हा शेजारी. 'चप्' असा आवाज पाय काढताना आला की चिखल झाला असं तो म्हणाला. फावड्यानं कापलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत दिसते तेव्हा आत गाठ नसते.

पाडण्याचं खरं काम त्याच्या बायकोचं, म्हणजे अक्काचं. तिच्यासमोर बारीक वाळूचा ढीग. दोन्ही हातांत मावेल एवढा गोळा तोडते, वाळूत एक वळसा देते, छातीपर्यंत उचलते आणि साच्यात आपटते. ठेवत नाही, आपटते. चारी कोपरे भरायला तोच एक झटका असतो. कोपरा राहिला आणि नंतर बोटानं भरला तर तो भाग वेगळा राहतो आणि भट्टीत कोपरा सुटून येतो. मग लाकडी पट्टीनं वरचा चिखल एका ओढीत कापते, साचा उचलून चार पावलं चालते, सपाट केलेल्या खळ्यावर उपडा करते आणि सरळ वर उचलते. किंचितही कलला तर विटेला कंबर येते. दोन ओल्या विटा, कडा धारदार, वर वाळूचं पातळ पांघरूण. परत येताना साचा पाण्यात बुचकळते आणि वाळूत लोळवते. मी घड्याळ लावलं : दोन विटांना ४० सेकंद. वजन केलं : एक ओली वीट ४.३ किलो. एक जोडपं दिवसाला हजाराच्या आसपास पाडतं, म्हणजे अक्का रोज चार टन चिखल छातीपर्यंत उचलते. भिंत बघताना हे कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाही.

२ फेब्रुवारी

पहिल्या तीन हजारांतल्या चारशेवर विटांना भेगा. सगळ्या एकाच बाजूच्या, आणि भेग आडवी, विटेच्या मधोमध.

रात्रभर कारण शोधलं. मिश्रण तेच, साचा तोच, माणसं तीच. सकाळी खळ्यावर उभा राहिलो तेव्हा कळलं. पूर्वेकडचा कोरडा वारा त्या ओळींवर थेट येतो, बाकीच्या ओळी आंब्याच्या आड आहेत. ओली वीट वाळताना पाणी पृष्ठभागावरून जातं आणि आतलं पाणी त्याच्या मागं बाहेर येतं. बाहेरून जाण्याचा वेग आतून येण्याच्या वेगापेक्षा वाढला की साल आकसते, गाभा आकसत नाही, आणि साल फाटते. ऊन्हापेक्षा वारा वाईट तो यामुळं. आणखी एक चूक माझी स्वतःची. खळं नुसतं सपाट केलं होतं, वाळू पसरली नव्हती. वीट आकसताना तिला खालून सरकता यायला पाहिजे. ती जमिनीला चिकटून बसली तर मधोमध तुटते. भेग आडवी का, याचं उत्तर मिळालं.

उपाय : खळ्यावर वाळूचा हात, वाऱ्याच्या बाजूला पिंजाराचा (भाताच्या पेंढ्याचा) आडोसा, पहिले दोन दिवस विटांवर पिंजार पातळ पसरायचं. मिश्रणात तांबडी माती थोडी वाढवली. तिसऱ्या दिवशी वीट कुशीवर उभी करायची, पाचव्या दिवशी जाळीदार रचायची, मध्ये बोटाची फट. पुढं बारा-पंधरा दिवस तशीच.

भेगाळलेल्या चारशे परत आळ्यात टाकल्या. कच्ची वीट बिघडली तर तिची पुन्हा माती होते, भाजल्यावर ती सोय राहत नाही. सोसायचं असेल ते आत्ताच सोसलेलं बरं. मजुरी मात्र त्या चारशेचीही दिली, वारा माझा होता.

९ फेब्रुवारी

आडोशानंतरच्या चार हजारांत भेगा ३७. बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. काम बंद. आतापर्यंत १९,८००.

१६ मार्च

धुळवडीनंतर दोन दिवसांनी पाडकाम संपलं. एकूण ३२,१४०, त्यातल्या वाळवणात आणि उचल-ठेव करताना गेल्या १,१४०. भट्टीला ३१,००० शिल्लक. हिशेब पुरा करून जोडपं पुढच्या कामाला गेलं. जाताना अक्कानं एका विटेवर अंगठ्याचा ठसा उमटवून दिला, माझ्या मुलीनं मागितला म्हणून.

वाळलेली वीट ३.४ किलो भरते. म्हणजे प्रत्येकीतून ९०० ग्रॅम पाणी उडालं. सगळी मिळून २९ टन पाणी त्या खळ्यावरून वाऱ्यावर गेलं. हेच पाणी जाळानं उडवायचं म्हटलं असतं तर किती लाकूड लागलं असतं! वाळवणातली घाई खिशालाही परवडत नाही.

६ एप्रिल

रामनवमी. भट्टी रचून झाली. तळ २२ × १५ फूट, उंची १० फूट, वर जाताना आत झुकती. तळाला पाच बोगदे, दोन्ही तोंडं उघडी. बोगद्याच्या दोन्ही अंगांच्या विटा वर एकेक बोट पुढं सरकवत मिटवायच्या, कमान नाही पण कमानीसारखंच. ते काम तात्यांनी स्वतः बसून करून घेतलं. विटा कुशीवर, एक थर उभा तर वरचा आडवा, बोटभर फट ठेवून. फट जास्त ठेवली तर ऊब निसटते, कमी ठेवली तर आग वर चढत नाही. थराथरात भाताचा तूस पसरला, खाली जाड, वर पातळ. तूस आणि चिखलाचा लेप लावून बाहेरून सगळी लिंपून घेतली. बाहेरच्या कडेला एक थर जुन्या भाजक्या विटांचा, तो पांघरुणासारखा.

सरपण : शेजारच्या खासगी मळ्यातली निलगिरी ९ टन, तूस ८ टन. निलगिरीची पावती वहीला जोडली आहे. जंगलातलं एक फाटंसुद्धा नको, हे घरात सगळ्यांनी मान्य केलं.

१३ ते १९ एप्रिल

सुट्टी काढून इथंच झोपलो. दिवसवार :

१३ तारीख, सकाळी सात. नारळ फोडून पेटवली. दोन दिवस फक्त मंद जाळ, तोंडाशी चार ओंडके. धूर पांढरा, ओला, हात धरला तर तळवा दमट होतो. वीट वाळलेली दिसली तरी तिच्यात ओल असते. ती एकदम वाफ झाली तर वीट आत फुटते. काकांचा मुलगा म्हणाला, "जोरात लाव की, किती वेळ काढणार?" तात्यांनी त्याला हातातलं लाकूड खाली ठेवायला लावलं.

१५ तारीख. धूर विरळ आणि निळसर झाला. पाणी गेलं. आता जाळ वाढवायचा. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक बांधलेलं पाणी सुटतं. इथून पुढं माती पुन्हा भिजवली तरी चिखल होत नाही. मातीची वीट होते ती या टप्प्यावर. ५७३ अंशांना वाळूतला गारेचा (क्वार्ट्झचा) कण अचानक किंचित फुगतो आणि निवताना पुन्हा तिथंच आकसतो, म्हणून या पट्ट्यातून चढताना आणि उतरताना दोन्हीदा सावकाश जावं लागतं.

१६ तारीख, संध्याकाळी पावणेसहा. पश्चिमेकडून वळीव. ढग दिसले होते, पण ताडपत्र्या घरी होत्या आणि त्या आणेपर्यंत वीस मिनिटं गेली. पश्चिमेचा कोपरा भिजला, लेप ढासळला, वाफेचा लोट उठला. रात्री आठपर्यंत पाऊस. पत्रे उभे करून कोपरा झाकला, पुन्हा लिंपला, त्या बाजूच्या बोगद्यात जास्त लाकूड घातलं. ताडपत्र्या भट्टीपाशी आणून ठेवायचं काम यादीत होतं आणि ते माझ्याकडं होतं.

१७ आणि १८ तारीख. पूर्ण जाळ. बोगद्यात बघितलं तर आधी काळपट लाल, मग जास्वंदीसारखा, मग शेंदरी. तापमान मोजायचं यंत्र आपल्याकडं नाही. रंगावरून अंदाज ९०० ते १,००० अंशांच्या मध्ये. इथं मातीतले क्षार थोडे वितळून कणांना कणांशी जोडतात. याच्या वर गेलं तर वीटच वितळायला लागते. रंग लाल येतो तो लोहामुळं, आणि त्यासाठी हवा खेळती पाहिजे; हवा कोंडली तर गाभा काळा राहतो. रात्री तात्या भट्टीच्या माथ्यावर दोरी धरून बसले होते. सुरुवातीच्या खुणेपासून माथा सात इंच खाली आला तेव्हा म्हणाले, "बसली. आता तोंडं बंद."

१९ तारीख, पहाटे. पाचही बोगद्यांची तोंडं विटा-चिखलानं बुजवली.

या सहा दिवसांत एक गोष्ट सारखी डोळ्यांसमोर होती : वरून किती ऊब आकाशात चालली होती. मोठ्या झिगझॅग भट्टीत गरम वारा नागमोडी वाटेनं पुढच्या कच्च्या विटांतून फिरवतात, तो जाता जाता त्यांना तापवतो, आणि भाजून झालेल्या विटांतून आत येणारी हवा आधीच तापून येते. जळण बरंच वाचतं, धूरही कमी. आमच्यासारख्या उघड्या भट्टीत ते होत नाही. तालुक्यात दर वर्षी घराघरांच्या अशा सुट्या भट्ट्या लागतात. चार गावांनी मिळून एक झिगझॅग उभी केली आणि ज्यानं त्यानं आपल्या विटा तिथं भाजून नेल्या तर निलगिरीचे किती ट्रॅक्टर वाचतील, हे मी पंचायतीत मांडणार आहे.

४ मे

पंधरा दिवस निवू दिली. आज उघडली. हात लावला तर मधल्या विटा अजून कोमट.

पहिल्या प्रतीच्या : २१,४००
अर्धकच्च्या, पिवळट : ५,२००
खंगर : १,९००
फुटक्या : २,५००

अर्धकच्च्यातल्या बहुतेक पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या. वीस मिनिटांची किंमत वहीत लिहून ठेवली. खंगर बोगद्याच्या लगतच्या, काळ्या-जांभळ्या, वितळून एकमेकींना चिकटलेल्या. त्या भिंतीला चालत नाहीत, पण पायरीखाली आणि ओट्याच्या भरावाला दगडासारख्या.

११ मे

तात्यांची परीक्षा : दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या, नखानं ओरखडायचं, कमरेएवढ्या उंचीवरून मऊ मातीवर टाकायची. मधल्या पाच-पाच विटांचा आवाज घंटेसारखा, नख उमटत नाही, एकही फुटली नाही.

माझी परीक्षा : पूर्ण वाळवून वजन, २४ तास पाण्यात, पुसून पुन्हा वजन. मधली वीट ३.१० किलोवरून ३.६०, म्हणजे १६ टक्के पाणी प्याली. मानकात साध्या विटेला २० टक्क्यांची मर्यादा आहे. पश्चिमेच्या कोपऱ्यातली ३.१२ वरून ३.८७, म्हणजे २४ टक्के. हातात दोघी सारख्याच जड, पाणी पाजल्याशिवाय फरक कळत नाही. त्या ५,२०० गोठ्याच्या आतल्या आडभिंतीला ठेवल्या. धाकट्याच्या घरात एकही जाणार नाही.

पाच विटा बेळगावात प्रयोगशाळेत दाबून घेतल्या. सरासरी ५.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. किमान वर्ग ३.५ चा आहे. तात्यांना आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, "म्हंजे पास न्हवं?" पास.

चुनखडीची भीती म्हणून वीस विटा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्यात.

२५ मे

गेले पाच दिवस पाऊस थांबलेला नाही. मोसमी पाऊस काल, २४ मेला केरळात पोचला, आठ दिवस आधी. इकडं त्याच्याही आधीपासून कोसळतोय.

पलीकडच्या शिवारात एका शेतकऱ्याच्या अठरा हजार कच्च्या विटा खळ्यावर रचून होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ आहे असा त्यांचा हिशेब होता, दर वर्षी तो चुकत नाही. मंगळवारी रात्री आम्ही सगळे ताडपत्र्या घेऊन गेलो. वरून झाकता आलं, खालून येणारं पाणी झाकता येईना. बॅटरीच्या उजेडात बघत होतो : सगळ्यात खालच्या थराचे कोपरे आधी गोल झाले, मग ती वीट बसकी झाली, आणि वरची आख्खी रास आवाज न करता पुढं ओघळली. दोन महिन्यांचं पाडकाम तासाभरात खळ्यावर पसरलं. ते गृहस्थ चिखलात उभे होते. त्यांची बायको म्हणाली, "माती आपलीच हाय, कुठं गेली न्हाई." मग दोघंही घरात गेले.

आमची भट्टी त्या वेळी भाजून, मोजून, झाकून झाली होती. संक्रांतीपर्यंत थांबूनही वेळेत झाली, कारण डिसेंबरात माती भिजवली होती. पुढच्या वर्षी त्यांची माती आम्ही सगळे मिळून नोव्हेंबरातच भिजवणार, असं काल तात्यांनी त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं.

२९ जून

बाजूला ठेवलेला काळा थर उंचवट्याच्या जागी परत पसरला होता, वर शेणखत आठ गाड्या. आज तिथं भाताची लावण केली. पाणी पहिल्यांदाच सगळीकडं सारखं उभं राहिलं. रोप किंचित पिवळं आहे, दोन वर्षं खत जास्त घालावं लागेल.

गोणपाटातल्या वीस विटा सोडून बघितल्या. एकीवरही फोड नाही. आत्याला फोन करून सांगितलं.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आज जोत्यावर पहिला थर.

गवंडी आले तेव्हा विटा ढिगातून थेट उचलायला लागले. मी थांबवलं आणि पाण्याचं पिंप दाखवलं. कोरडी वीट लावली तर ती सिमेंटच्या मालातलं पाणी ओढून घेते, माल धरायच्या आतच कोरडा पडतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. पिंपात वीट सोडली. बारीक बुडबुड्यांची माळ सगळ्या अंगांनी निघाली, सू असा आवाज, मग माळ विरळ होत गेली. मुलगी वाकून बघत होती. अक्काच्या अंगठ्याची वीट तिनं स्वतः बुडवली आणि बुडबुडे थांबेपर्यंत हात पाण्याबाहेर काढला नाही. ती वीट उंबऱ्याच्या उजव्या अंगाला, ठसा बाहेर येईल अशी बसवून घेतली.

मोठ्या गवंड्यानं पुढच्या दोन विटा एकमेकींवर वाजवल्या, ओळंबा सोडला आणि मागं न बघता हात पुढं केला, "द्या अजून. भिजल्यात न्हवं?"